वितळलं की नुसतं बदललं?

भोसरीच्या एका हीट ट्रीटमेंटवाल्यांचा सकाळीच फोन आला. "मॅडम, माल परत पाठवायचा की नाही, ते आजच्या आज सांगा." सॉल्ट बाथसाठी, म्हणजे धातूचे भाग बुडवून तापवायच्या वितळलेल्या क्षाराच्या टाकीसाठी, त्यांनी पोटॅशियम नायट्रेट मागवलं होतं. दुसऱ्या एका लॅबच्या रिपोर्टमध्ये त्याचा वितळणबिंदू १३० अंश सेल्सिअस आला होता. असायला हवा ३३४. स्वस्तातलं सोडियम नायट्रेट मिसळलंय, असा त्यांचा संशय.

संशय अगदीच अवाजवी नव्हता. पण १३० हा आकडा मला भेसळीतही बसवता येईना. ही दोन नायट्रेटं कोणत्याही प्रमाणात एकत्र केली, तरी साधारण २२० अंशांच्या खाली वितळत नाहीत.

नमुना ओव्हनमध्ये कोरडा केला आणि डीएससीवर लावला. नमुना तापवताना तो कोणत्या तापमानाला किती उष्णता घेतो, ते हे मशिन आलेखावर दाखवतं. वितळणबिंदू पक्के माहीत असलेले इंडियम (१५६.६) आणि झिंक (४१९.५) हे धातू वापरून मशिन आधीच तपासून घेतलं होतं. मिनिटाला १० अंश या गतीने तापवायला सुरुवात केली आणि १३० च्या आसपास आलेखात ठसठशीत पीक आलं. शेजारी उभी असलेली ट्रेनी लगेच म्हणाली, "मॅडम, वितळलं की!"

डीएससी फक्त पदार्थाने उष्णता घेतली एवढंच सांगतं. ती कशासाठी घेतली, हे त्याला कळत नाही. मी रन चालूच ठेवला. भेसळ असती तर २२० पाशी काहीतरी वितळताना दिसलं असतं; तिथे रेघ सपाट, कुठे साधा फुगवटाही नाही. मग ३३४ ला दुसरं पीक आलं, क्षेत्रफळाने पहिल्याच्या जवळपास दुप्पट.

तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करायची नाही, हा माझा हट्ट. त्याच नमुन्याची केशनलिका (केसासारखी बारीक काचेची नळी) भरून विजेवर तापणाऱ्या मेटल ब्लॉकमध्ये ठेवली. (नायट्रेटसाठी तेलाचा बाथ कधीच वापरू नये. इतक्या तापमानाला तेल टिकत नाही आणि नळी फुटून गरम तेलात नायट्रेटसारखा ऑक्सिडायझर (जळायला मदत करणारा पदार्थ) सांडला तर आग लागू शकते.) ट्रेनीला भिंगाशी बसवलं. १३० गेलं, १५० गेलं, पांढरे कण जसेच्या तसे. ३३३ च्या सुमारास काचेला लागलेले कण ओलसर दिसू लागले आणि अंशभरातच सगळं पाण्यासारखं स्वच्छ झालं. इतक्या कमी अंतरात वितळलं म्हणजे माल शुद्ध.

१३० ला घडतं ते वेगळंच. पदार्थ घनच राहतो, स्फटिकातल्या आयनांची मांडणी तेवढी बदलते. थंड होताना तर तो सरळ मूळ रूपात परतही येत नाही, मध्ये तिसऱ्याच एका रूपात थांबतो. मला हे क्षार आवडतात ते यासाठीच. आधीच्या लॅबने बहुधा पहिलं पीक पाहूनच आकडा लिहिला असावा.

रिपोर्टमध्ये दोन्ही तापमानं, आलेख आणि नळीचे फोटो दिले. फोनवर त्यांचा पुढचा प्रश्न तयारच होता. "पण मॅडम, आम्हाला बाथ २५० ला चालवायचाय."

म्हटलं, "मग नुसतं हे घालून चालणार नाही. त्यात सोडियम नायट्रेट तुम्हालाच मिसळावं लागेल, साधारण निम्मं-निम्मं."