दर सर्विसिंगला क्लीनिंग, तरी टाकीत पाणी

शिरोळकडच्या एका ऊसवाल्या अण्णांची डिझेल गाडी टोइंग करून उद्यमनगरात आमच्या गॅरेजच्या दारात आली. चढाला दम टाकायची, सकाळी स्टार्टर मारून मारून हात दुखायचा, शेवटी हायवेवर बंदच पडली. अण्णांनी उतरल्या उतरल्या बिलांची पिशवी पुढं केली. "मिस्त्री, क्लीनिंगचं मला सांगू नका. दर दहा हजार किलोमीटरला पैसं मोजलंय."

मोजले होते खरे. प्रत्येक बिलात 'फ्युएल सिस्टिम क्लीनिंग'. डिझेल फिल्टर मात्र एकाही बिलात नाही. मीटरवर डिझेलात पाणी आल्याचा दिवा लागायचा, तर कुणीतरी सांगितलेलं, "ते वायरिंगचं आहे."

फिल्टरखालचा ड्रेन सैल करून काचेच्या बाटलीत काढलं. वर डिझेल, खाली पाणी, मधे काळपट बुळबुळीत थर. डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांचाच तो गाळ. अण्णा बघत राहिले. मग हळूच बोलले, ट्रॅक्टरसाठी शेडात बॅरल आहे, अडीअडचणीला त्यातलंच गाडीत ओततो.

बहुतेक ठिकाणी क्लीनिंग म्हणजे टाकीत क्लीनरचा एक डबा ओतणं. डबा वाईट नसतो, पण त्यानं पाणी जात नाही. उलट तळचा गाळ सुटून आधीच तुंबलेल्या फिल्टरवर येऊन बसतो. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, सोळाशे बारच्या आसपास दाब असतो. इंजेक्टर ते डिझेल इंजिनात फवारतात. टायरात सव्वादोन बार हवा असते, यावरून अंदाज घ्या. त्या दाबाला पंपाचं आणि इंजेक्टरचं वंगणही डिझेलच करतं. पाणी ते काम करत नाही, गंज तेवढा देतं.

टाकी उतरवून धुतली, नवा फिल्टर बसवला, एअर काढली. मग चारी इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत जातं त्या नळ्यांना, बाटल्या लावल्या. हे काम मी पोरांवर सोडत नाही. तीन बाटल्या जवळपास सारख्या चढल्या, चौथी बघता बघता भरली. म्हणजे त्या इंजेक्टरच्या आतली, डिझेल अडवणारी सीट झिजलेली; तिला कसलंही क्लीनिंग लागू पडत नाही. इंजेक्टर तपासणीच्या बेंचवर पाठवला.

बिल बघून अण्णा फिल्टरच्या किमतीवर घासाघीस करायला लागले! आजवर डब्यांवर गेलेल्या पैशात असे कितीतरी फिल्टर आले असते. पण डबा ओतताना दिसतो, वास येतो, काहीतरी झाल्यासारखं वाटतं. आणि काउंटरवरच्या पोराला असल्या जादा कामांचं टार्गेट असतं, फिल्टरमधलं पाणी काढायचं कुणी देत नाही.

"मग आता क्लीनिंग किती किलोमीटरला?" त्यांनी विचारलंच. मी म्हटलं, पाणी दर सर्विसिंगला काढायचं. फिल्टर पुस्तकात लिहिलाय तेव्हा, बॅरलचं डिझेल घालत असाल तर त्याच्या आधी. इंजेक्टरला मात्र स्कॅनर किंवा रिटर्न बोलल्याशिवाय हात लावू द्यायचा नाही.

"बॅरलचं आता फक्त ट्रॅक्टरलाच," अण्णा म्हणाले.

"आणि ट्रॅक्टरचा फिल्टर?"

"त्येला काय हुतंय ओ, त्यो पाण्यावर बी चालतोय."