उभे राहिलेले लोक

आधी एक गोष्ट सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट कळेल. माझा धाकटा भाऊ ॲक्सिडेंटमध्ये गेला आणि आता मी लोकांना फर्स्ट एड शिकवत फिरते, हे ज्यांना माहीत आहे ते हमखास म्हणतात की बघ, देवाने त्याच्या जाण्यातून तुझ्याकडून केवढं काम करून घेतलं. मनापासून म्हणतात, कळतं मला. पण मला हे मान्य नाही. त्याच्या जाण्याला काही अर्थबिर्थ नव्हता. तो असता तर आजही पीथमपूरहून शिफ्ट संपवून इंदूरला घरी आला असता, भाजी कोणती केली म्हणून आईशी वाद घातला असता, मला फर्स्ट एडमधलं ओ की ठो कळलं नसतं, आणि ते कितीतरी चांगलं झालं असतं. काम चांगलं आहे ते कामापुरतं चांगलं आहे, त्याचा हिशोब मी माझ्या भावाच्या जाण्याशी लावू देत नाही कुणाला.

इंदूरच्या बाहेर, राऊच्या पुढे रात्री त्याच्या बाइकला मागून धक्का बसला. मांडीला मोठी जखम होती आणि रक्त खूप गेलं. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही. पण एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. कुणीतरी व्हिडिओ काढला होता आणि तो फिरत फिरत दोन दिवसांनी माझ्याच फोनवर आला, फॉरवर्डेड म्हणून, पाठवणाऱ्याला माहीतही नव्हतं की हा कोण आहे. त्यात गोल करून उभे असलेले लोक दिसतात आणि आवाज येतात, अरे कोई 108 को लगाओ, अरे हाथ मत लगाना, पुलिस केस है. प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतोय. वाकलेलं कुणीच नाही.

त्यानंतर बरेच महिने मी फक्त रागात होते. दुःख नंतर आलं, आधी रागच होता. सराफ्यात गर्दी दिसली, राजवाड्यावर गर्दी दिसली की वाटायचं, तुम्ही सगळे पण असेच उभे राहाल. पलासियाला सिग्नलवर ॲम्ब्युलन्सचा सायरन आला की हात थंड पडायचे, गाडी बाजूला घ्यावी लागायची. झोप नव्हती. शेवटी एक मैत्रीण जवळजवळ ओढतच काउन्सेलरकडे घेऊन गेली आणि ते बरं केलं तिने. आईला वाटत होतं रामरक्षा म्हणत जा, होईल ठीक. रामरक्षाही म्हणत होते, पण उपचार हा उपचार असतो आणि तो घ्यावा, यात लाजण्यासारखं काहीही नाही, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

राग कमी झाला तो एका माणसामुळे. भावाला शेवटी एका पिकअपवाल्याने उचलून हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, मागे भाजीचे क्रेट होते त्यांच्यामध्ये झोपवून. तो तेराव्याला घरी आला. आत येईना, ओट्यावरच बसला. मी त्याला पाणी दिलं आणि विचारलंच, की बाकीचे का नाही आले हो पुढे. तो म्हणाला, दीदी, सब डर रहे थे, मैं भी डर रहा था. त्याच्या काकांनी कधीतरी असंच कुणाला तरी पोचवलं होतं आणि मग रात्रभर बसवून ठेवलं, पुढे तारखा, चकरा, दोन वर्षं. आणि दुसरं म्हणाला ते तर मला आजही आठवतं, की उठाना कैसे है यही किसी को मालूम नहीं था. म्हणजे दोन गोष्टी. भीती, आणि माहिती नसणं. दुष्टपणा नाही. डॉक्टरही म्हणाले होते की कुणी जखम नीट दाबून धरली असती तर वेळ मिळाला असता, वाचलाच असता असं मी म्हणत नाही. मी ते खूप दिवस मनात धरून बसले होते. दाबून धरणं. एवढंच. त्याला डॉक्टर लागत नाही, दोन हात लागतात.

मग मी वाचायला लागले, कारण नोकरी अकाउंट्सची, मला कागद वाचल्याशिवाय चैन पडत नाही. तर भीती घालवायला कायदा आहे, आणि बऱ्याच वर्षांपासून आहे! दिल्लीच्या पीयूष तिवारींचा किशोरवयीन चुलतभाऊ 2007 मध्ये असाच रस्त्यावर पडून राहिला, लोक बघत राहिले, आणि तो गेला. त्यांनी पुढच्या वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन सुरू केलं, 2012 मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका टाकली, आणि 30 मार्च 2016 ला कोर्टाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले. मग 2019 ला मोटर वाहन कायद्यात कलम 134 अ आलं. साध्या भाषेत सांगायचं तर चांगल्या मनाने जखमीला मदत केली, तर त्याला पुढे काही झालं म्हणून तुमच्यावर केस होऊ शकत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. हॉस्पिटल तुम्हाला थांबवून ठेवू शकत नाही, पैसे मागू शकत नाही. उलट आता राह-वीर योजनेत गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवणाऱ्याला 25,000 रुपये मिळतात, आणि 2025 पासून जखमीचा पहिल्या सात दिवसांचा दीड लाखापर्यंतचा इलाज कॅशलेस आहे. हे सगळं आमच्या कॉलनीत विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. रिटायर्ड अधिकाऱ्यांनासुद्धा!

2022 मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, सरकारी आकडा आहे. त्यातले 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवाले. म्हणजे माझ्या भावासारखे.

मुंबईच्या दादाराव बिल्होरेंबद्दल तर मी पुन्हा पुन्हा वाचते. 2015 च्या पावसाळ्यात जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या खड्ड्याने त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा नेला आणि तेव्हापासून हे गृहस्थ स्वतः घमेलं-फावडं घेऊन रस्त्यातले खड्डे भरतात. भाजी विकणारा माणूस. त्यांनी भाषण नाही केलं, जे कारण होतं तेच उचललं आणि बुजवायला घेतलं. मला ते फार पटलं. आपल्याला ज्याने मारलं त्यातला जो भाग आपल्या हाताला येतो तेवढा धरायचा. माझ्या हाताला ट्रक येत नाही, रस्त्याचं डिझाइन येत नाही. उभे राहिलेले लोक येतात.

मग मी स्वतः फर्स्ट एड शिकायचं ठरवलं, पण पहिल्या ट्रेनिंगला मी बसू शकले नाही हे पण सांगते. छातीवर दाब द्यायला रबराचा पुतळा असतो, तो जमिनीवर ठेवला आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती गोल उभे राहिलो, आणि ते गोल उभं राहणंच मला सहन होईना. बाहेर जाऊन बसले. शिकवणारे डॉक्टर मागून आले, काही बोलले नाहीत, चहा दिला, आणि म्हणाले ताई, तीन-चार महिने थांबा, पुतळा कुठे जात नाही. मी थांबले. मग गेले.

आता जे कुणी अशाच कशातून गेलेत आणि ज्यांना वाटतं की आपण पण काहीतरी करू, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते की घाई करू नका. ताजं असताना गेलात तर तुम्ही मदत करत नाही, तुम्ही तो दिवस परत जगत असता, आणि समोरच्यालाही ते कळतं. आणि दर वेळी आपली गोष्ट सांगायलाच पाहिजे असंही नाही. सुरुवातीला आयोजक मला म्हणायचे, मॅडम आधी भावाचं सांगा म्हणजे इम्पॅक्ट येतो. दोन-तीनदा सांगितलं, घरी येऊन रात्रभर जागी. मग त्या डॉक्टरांनीच सांगितलं की तुमचं दुःख ही इथली फी नाहीये. आता वाटलं तर सांगते, नाहीतर सरळ शिकवायला घेते. कुणी विचारलं तर म्हणते, घरात झालं होतं. बास.

शिकवतो कुठे, तर हॉलमध्ये आम्ही फार कमी करतो. हॉलमध्ये येणारे लोक टाळ्या वाजवून घरी जातात, आणि रस्त्यावर काही झालं की सगळ्यात आधी पोचतो तो पंक्चरवाला, चहावाला, ढाबेवाला, रिक्षास्टँडवरचे भैया लोक. म्हणून आम्ही राऊपासून बायपासला जाऊन त्यांच्याच दुकानापाशी बसतो, सकाळी पोह्यांची गर्दी ओसरली की. जास्त काही शिकवत नाही, कारण घाबरलेल्या माणसाला चारच गोष्टी आठवतात. गर्दीत 'कोणीतरी फोन करा' म्हणायचं नाही, एकाकडे बोट दाखवायचं, ओ निळा शर्ट, तुम्ही 108 लावा. याच्या मागे अभ्यास आहे, 1968 मध्ये डार्ली आणि लाताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी करून बघितलं होतं, दुसऱ्या खोलीत कुणाला तरी झटका आल्याचा आवाज ऐकवला, तर एकटाच ऐकणारा असेल तर 85 टक्के लोक मदतीला उठले आणि आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं तर फक्त 31 टक्के. प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. मला हे वाचून रडूच आलं, कारण तो व्हिडिओ अगदी हाच होता.

मग रक्त. गमछा, ओढणी, जे स्वच्छ सापडेल ते घडी करून जखमेवर ठेवायचं आणि दोन्ही हातांनी सगळं वजन टाकून दाबायचं, थांबलं का बघायला उचलायचं नाही, भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. हेल्मेट ओढून काढायचं नाही, मान वळवायची नाही, श्वास चालू असेल आणि आजूबाजूला धोका नसेल तर हलवायची घाईच नाही. पाणी पाजायचं नाही, आपल्याकडे हे सगळ्यात अवघड जातं लोकांना, जखमीला पाणी नाही म्हणजे कसं. आणि श्वासच नसेल, हलवून हाक मारून काहीच नाही, तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खाली जाईल इतकं जोरात दाबत राहायचं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत.

मागच्या पावसाळ्यात त्यातल्याच एका पंक्चरवाल्याचा फोन आला. कॉलेजची मुलगी स्कूटीवरून पडली, पायाची नस कापली होती, त्याने गमछा दाबून धरला आणि रिक्षातून एम. वाय. हॉस्पिटलपर्यंत तसाच धरून बसला. म्हणाला, दीदी हाथ सुन्न हो गया पर छोड़ा नहीं. मुलगी वाचली. मी त्याला शाबास म्हणाले आणि फोन ठेवून खूप वेळ रडले, आनंद पण होता आणि तो दुसरा विचारही होताच, की त्या रात्री राऊला हा का नव्हता. हा विचार जात नाही. काम केलं म्हणून जात नाही. आता तो येतो तेव्हा मी घाबरत नाही, इतकाच फरक आहे.

वहिनीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं पण सांगायला हवं. ती दीड वर्ष कुठेच जात नव्हती, कुणी बोलवतही नव्हतं म्हणा. मागच्या संक्रांतीला राजेंद्र नगरला आमच्या घरी हळदीकुंकू होतं, मी तिला म्हणलं तू बस समोर, आणि वाण काय द्यायचं ते तूच ठरव. तिने ठरवलं रोल बँडेज, गॉजचे पॅकेट, ग्लोव्हज, एका छोट्या पाउचमध्ये, तिळगुळाबरोबर. दोन-तीन काकूंचे चेहरे पडले, एक तर बोलल्याच की सणाला हे असलं अशुभ कशाला गं. वहिनी एकदम शांतपणे म्हणाली, काकू, स्कूटीच्या डिकीत ठेवा, मुलाच्या बाइकमध्ये ठेवा. आणि मग तिने स्वतः खाली बसून माझ्या पायावर दाखवलं कसं दाबायचं. सगळ्या बायका ताटं बाजूला ठेवून बघत होत्या. त्याच काकूंनी जाताना दोन पाउच जास्त मागून नेले.

आता वहिनीच बायकांच्या बॅचेस घेते, आणि माझ्यापेक्षा चांगल्या घेते, तिच्यात धीर जास्त आहे. गणपतीत मंडळांनी कार्यक्रमांच्या मधे अर्धा तास द्यायचं कबूल केलंय, झांकीच्या, म्हणजे विसर्जनाच्या चित्ररथांच्या रात्री एवढी गर्दी असते शहरात, तेव्हा तर प्रत्येक मंडळात चार जणांना तरी हे यायलाच पाहिजे. आम्हाला आणखी माणसं हवीत. डॉक्टर असायची गरज नाही. कुणाचं काही गेलेलं असायची तर अजिबातच गरज नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला कॉलनीच्या बागेत आहोत, गुडघ्यावर बसावं लागतं तेव्हा सैल कपडे घालून या, आणि तुमच्याकडे कामाला येणारा ड्रायव्हर, दूधवाला, वॉचमन, ज्याला आणता येईल त्याला बरोबर आणा.