नोकरीपूर्व प्रशिक्षण : एका अंध उमेदवाराचा अनुभव

मी पूर्ण अंध आहे. ऑफिसच्या नोकरीसाठीचं प्रशिक्षण घेतल्यावर माझं ठाम मत झालंय, की सरावाला ऑफिसातल्या खऱ्या, गचाळ फाइली मिळायला हव्यात.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं सरकारी नोकरीचं ४ टक्के आरक्षण किमान ४० टक्के अपंगत्व असेल तरच मिळतं. यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आधार आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळतंय का, ते आधीच कुणाकडून तरी तपासून घ्या. स्पेलिंगमधल्या एका अक्षरावरूनही अर्ज अडकतो.

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारा प्रोग्राम, मोफत आहे. इन्सर्ट धरून १ दाबलं, की तो प्रत्येक कळीचं फक्त नाव सांगतो आणि फाइलीला धक्का लागत नाही. बोटं यातच तयार होतात. वेबपानावर नुसतं टॅब दाबत जाऊ नका, कारण टॅब साधा मजकूर गाळून लिंक आणि रकान्यांवरच उड्या मारतो. मथळ्यांसाठी एच, फॉर्मच्या रकान्यांसाठी एफ. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी शिका : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या, त्यामुळे न बघता लवकर बसतं.

खरी अडचण पुढे येते. जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधलं मराठी पत्र उघडलं, की स्क्रीन रीडर अर्थहीन अक्षरं बरळतो. आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असतात, देवनागरी फक्त डोळ्यांना दिसते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करायचं, मग वाचायचं. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसतं चित्र. इन्सर्ट आणि आर दाबून इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येतं, मराठीसाठी मात्र मूळ वर्ड फाइल मागावी. एक्सेलमध्ये जोडलेले सेल आले, की कुठल्या रकान्यात आहोत तेच कळेनासं होतं. वर्गातल्या स्वच्छ तक्त्यांवर हे कधीच समोर येत नाही!

मुलाखतीत 'काम कसं करणार?' हा प्रश्न येतोच. तोंडी पटवण्यापेक्षा लॅपटॉप आणि हेडफोन न्या, त्यांचीच एखादी फाइल मागा आणि वाचून दाखवा. स्क्रीन रीडर बसवायला आयटीची परवानगी लागेल, हेही तेव्हाच सांगा. पेन ड्राइव्हवरच्या एनव्हीडीएच्या प्रतीवर विसंबू नका. अनेक ठिकाणी यूएसबी बंद असतं, शिवाय ती प्रत लॉगिनचा पडदा वाचत नाही. सरकारी भरतीच्या लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, पण लेखनिकाची मागणी अर्ज भरतानाच नोंदवा.

खासगी कंपनीत २० किंवा जास्त कर्मचारी असतील, तर दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार हे समान संधी धोरणात लिहिणं तिला बंधनकारक आहे. मुलाखतीआधी ते मागून वाचा.