तुम्ही विचारलंत म्हणून: नाशिकला समुद्र कुठाय?

लग्नात, भिशीत, गंगापूर रोडच्या सकाळच्या फेरीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं ठेवून बसले असताना हा प्रश्न आलाय. "मॅडम, नाशिकला समुद्र कुठाय? मग समुद्रातले किडे कसले मोजता?" तोंडात कापूस होता म्हणून त्या वेळी सुटले. आज सावकाश सांगते.

आधी 'किडे' म्हणजे काय ते. आपल्या बुधवारच्या बाजारात सुका जवळा मिळतो, तो सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या प्राण्यांपुढे तो जवळा म्हणजे हत्ती. मी पाहते ते कोपेपॉड. जवळ्यासारखेच कवचधारी, त्याचे लांबचे नातलग, पण जेमतेम मिलिमीटरभर, कित्येक त्याहून लहान. बशीत खाडीचं पाणी घेऊन उजेडात धरलं, तर धुळीचे कण उड्या मारताहेत असं वाटतं. माशांची पिल्लं त्यांच्यावर जगतात.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तेव्हा हाताशी एक जुना सूक्ष्मदर्शक आणि भरपूर वेळ होता. अर्नाळ्याजवळ वैतरणा समुद्राला मिळते, तिथल्या खाडीत बारीक जाळी ओढायची, नमुना फॉर्मेलिनमध्ये घालायचा आणि एसटीनं घरी आणायचा, असं सुरू झालं. एकदा जव्हारच्या घाटात बाटलीचं झाकण सैल झालं. बाहेर धो धो पाऊस, तरी सगळ्या बसनं खिडक्या उघडल्या. कंडक्टर म्हणाला, "ताई, पिशवीत काय मेलंय?" खरा आकडा सांगण्याची ती वेळ नव्हती.

मोजायचं म्हणजे नुसती डोकी मोजायची नाहीत. नर किती, माद्या किती, अंडी असलेल्या किती, पिल्लं किती, हे वेगळं काढायचं. ओइथोना नावाच्या कोपेपॉडची मादी ओळखायला सोपी. शेपटीच्या दोन बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या, खांद्यावर कावड घेतल्यासारख्या. ॲकार्टिया या दुसऱ्या कोपेपॉडचं मात्र अवघड, कारण ती अंडी पाण्यात टाकून मोकळी होते. तिचं बाळंतपण कळायला तिला जिवंत ठेवून रात्रभरात तळाशी किती अंडी साचली ते पाहावं लागतं. अंड्यातून निघतं ते पिल्लू म्हणजे नॉप्लियस, त्याच्या सहा अवस्था, मग कोपेपोडाइट म्हणजे वाढत्या पोराच्या पाच, मग प्रौढ. नॉप्लियसची गर्दी असेल तर घर वाढतं आहे. नुसतेच प्रौढ दिसले तर काहीतरी बिनसलंय. (किंवा तुमच्या जाळीची भोकं मोठी आहेत. पहिलं वर्षभर माझी होती.)

हे शिकले पुस्तकांतून, आणि पुस्तकं सगळी थंड देशांची. त्यांत वर्षाची सुरुवात वसंतात होते. ऊन वाढलं की समुद्रात सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यामागून कोपेपॉड वाढतात. उत्तर अटलांटिकमधला कॅलॅनस नावाचा कोपेपॉड तर हिवाळा पाचव्या कोपेपोडाइट अवस्थेत, अंगात तेल साठवून, शेकडो मीटर खोल पाण्यात जवळजवळ झोपून काढतो. मीही फेब्रुवारी-मार्चमध्ये ही वसंतातली गर्दी शोधत बसले. सापडली नाही. सापडणार कशी? निफाड थंडीत कुडकुडतं तेव्हाही आपल्या किनाऱ्याचं पाणी वीस अंशांच्या खाली सहसा जात नाही. तिथे थंडी हा ऋतूच नाही म्हणा ना.

ऑगस्टच्या बाटलीत डोळे उघडले. खाडीचं पाणी चहाच्या रंगाचं. खुल्या समुद्रात किलोभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, इथे जिभेला खारट लागेना. नेहमीची मंडळी जवळपास गायब, आणि जे चार जीव होते त्यांतले दोन गोड्या पाण्यातले, पुरात वाहत आलेले. तेव्हा माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि तुमच्याही. गोदावरी पूर्वेला जाते, पण तिच्या शेजारीच, त्र्यंबकच्या डोंगरांत, वैतरणा उगम पावते आणि पश्चिमेला उतरते. धरणांनी बरंच अडवलं तरी त्र्यंबकला कोसळलेला पाऊस माझ्या खाडीपर्यंत पोचतो. त्या जिवांचा ऋतू इथे, आपल्या उशाशी सुरू होतो. कोचीच्या कायलात, म्हणजे तिथल्या खाजणातल्या पाण्यात, तर ॲकार्टियाच्या कुळातल्या कितीतरी जाती खारटपणा कमी-जास्त होईल तसं पाणी आपसांत वाटून घेतात.

हाच पाऊसकाळ कुणाची सुगीही असतो. सोमालिया-ओमानच्या बाजूला नैऋत्य वारे खोल पाणी वर आणतात. त्या पाण्यात खतासारखी द्रव्यं असतात, मग वर वनस्पती माजतात. तिथला कॅलॅनॉइडेस नावाचा कोपेपॉड बाकीचं वर्ष खोलात निजून काढतो आणि नेमका याच दिवसांत वर येऊन वीण घालतो. कॅलॅनसचीच युक्ती, फक्त घड्याळ मोसमी वाऱ्यांचं.

दिंडोरीच्या मावसभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे खाडीतले मरतात आणि बाकीचे झोपतात?" खाडीतले काही मरतात, काही समुद्राकडे ढकलले जातात. पण काहींची अंडी चिखलात राहतात. ॲकार्टियाच्या काही जाती, आणि पेनिलिया, इव्हाडनीसारखे समुद्री क्लॅडोसेरा, म्हणजे पाणपिसवा. क्लॅडोसेराचं तर नवलच. दिवस बरे असतात तोवर नराविनाच माद्या माद्यांना जन्म देतात. इव्हाडनीच्या पोटातल्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू धरलेलं असतं. त्यामुळे संख्या बघता बघता फुगते. दिवस पालटू लागले की नर जन्मतात, मीलन होतं आणि जाड कवचाची अंडी तळाला बसतात. ढवळून वर येईपर्यंत, प्राणवायू मिळेपर्यंत ती तशीच पडून राहतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लॅबिडोसेरा या कोपेपॉडची मादी तर दिवस लहान होऊ लागले की पुढचं ओळखून झोपणारी अंडी घालते.

"आमचा डोळाच की हा," भाऊ म्हणाला. द्राक्षवाल्याला समजावायला वेळ लागत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यात, म्हणजे झोपलेल्या कोंबात, घड तयार होतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर औषधाची पेस्ट लावून तो डोळा फोडायचा. "तुमच्या चिखलाला पेस्ट कोण लावतं?" असं त्यानं विचारलं, तसा प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता.

मी ते करून पाहिलं. खाडीचा चिखल डब्यात भरून फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी, दोन महिने ठेवला. मग गाळलेलं समुद्राचं पाणी घालून खिडकीत ठेवला. चौथ्या दिवशी नॉप्लियस दिसले आणि मी फोनाफोनी केली. आठवड्यानं कळलं की ते चिखलातच राहणाऱ्या हार्पॅक्टिकॉइड नावाच्या कोपेपॉडांचे होते. फ्रिजमध्ये आईबाप मजेत जिवंत होते. आता चिखल बारीक चाळणीतून काढून आधी अंडी वेगळी करते, मोजते, मगच पाणी घालते. अजून फोन करण्यासारखं काही निघालेलं नाही.

पुढची फेरी दसऱ्यानंतर. पाणी पुन्हा खारं होत असतं, आणि गेल्या दोन वर्षी त्याच सुमाराला पेनिलियानं जाळी भरली होती. भावाची गाडी मागितली, पण त्याची छाटणी नेमकी तेव्हाच. एसटीनंच जाईन. बाटलीला दोन झाकणं.