मागची शीट

आमच्या घरी दोन वर्षांपासून एक गाडी येऊन राहिली आहे. अजून आली नाही म्हणा. सोयाबीन निघालं की येते, मग कापसावर जाते, कापसाचा भाव पडला की तुरीवर, आणि तूर विकून होईस्तोवर कोणाचं तरी लग्न निघते. पण पाहणं काही थांबलं नाही. सात शीटर, सेकंड हॅन्ड, चार लाखाच्या आत, आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, कर्जाचा बोजा नको. आतापर्यंत नऊ गाड्या पाहून झाल्या, यवतमाळला, अमरावतीला, एक तर पांढरकवड्याला मे महिन्यात जाऊन, आणि नऊच्या नऊ गाड्या कोणत्या ना कोणत्या डॉक्टरच्या होत्या. डॉक्टर नसला तर मास्तर. डॉक्टर लोकांना गाडी चालवायला वेळ मिळत नसावा बहुतेक, कारण सगळ्यांचे मीटर साठ हजाराच्या आसपासच अडकलेले असतात. रोज नागपूर मारणारी, लग्नाच्या भाड्यानं पळालेली गाडी आपल्या भागात कधी विकायलाच येत नाही असं दिसते.

परवा दहावी पाहिली. दुपारची वेळ, यार्डात निंबाचं एकच झाड, त्याच्या सावलीत सासूबाई बसल्या आणि बाकी सगळे बोनेटकडे गेले. गाडी कोणतीही असो, हे असंच होते. आमचा मिस्त्री गावावरून सोबत येतो, त्याचे पाचशे आणि दुपारचं जेवण. तो इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण उघडतो आणि त्यावर तळहात धरतो, आतून किती भपकारा येते ते पाहायला. इंजिन थंड असतानाच गाडी सुरू करायची असा त्याचा नियम, म्हणून यार्डवाल्यानं आधीच गरम करून ठेवली असली की तो बोनेटवर हात ठेवून नुसताच हसतो. ह्यांचं काम टायरचं. टायरवर चार आकडे असतात, 2319 असले तर 2019 च्या 23 व्या आठवड्यातलं टायर, हे त्यांना कोणीतरी सांगितलं तेव्हापासून ते रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणाच्याही गाडीपाशी वाकतात. दीर ब्रेकच्या पायडलचं रबर पाहतात, मीटर साठ हजार आणि रबर गुळगुळीत असलं की त्यांना फार आनंद होते. सासरे काही पाहत नाहीत, ते किंमत विचारतात आणि ऐकून दुसरीकडे पाहतात. बैलबाजारात त्यांनी आयुष्यभर हेच केलं, आणि तिथं चालायचंही.

आणि मी मागे जाऊन बसते. अगदी मागे, तिसऱ्या रांगेत.

ही माझी खोड आहे. पहिल्या गाडीच्या वेळी सहज बसले होते, मग सवयच लागली. मधली शीट पुढं ढकलायची, साडी सावरत आत शिरायचं, आणि बसलं की गुडघे हनुवटीपाशी. सात शीटरमधली पाच माणसं बसतात, उरलेली दोन ठेवलेली असतात. बोलेरोत तर मागे आमोरासमोर शीटा, म्हणजे गाडी चालली पुढं, आपण चाललो आडवे, आणि समोरच्याच्या गुडघ्याशी आपला गुडघा. एर्टिगात निदान तोंड पुढं असते. पण जुन्या एर्टिगात सातही शीटा उभ्या ठेवल्या की डिक्की उरते 135 लिटरची, हे माझ्या पोरानं मोबाईलवर पाहून सांगितलं, म्हणजे वीस लिटरचे सात जारही मावत नाहीत, माणशी एक जार नाही. ट्रायबरची तर 84. मग बॅगा जातात कुठं, तर मागे बसणारीच्या मांडीवर. इनोव्हात खरी ऐसपैस जागा, एसीचा वारासुद्धा शेवटपर्यंत येते, पण चार लाखात जी इनोव्हा मिळते ती इतकी हिंडलेली असते की तिला आता विसावा द्यावा वाटते. डिझेलची एर्टिगा पाहावी म्हटलं तर मारुतीनं 2020 पासून डिझेल बनवणंच बंद केलं, त्यामुळे ज्याच्याकडे आहे तो सोडत नाही आणि सोडते तो सोन्याचा भाव सांगते.

काच मात्र यातल्या बहुतेकांची मागची उघडत नाही. ती पक्की बसवलेलीच असते. घरात हे मी दोनदा बोलले. दोन्ही वेळा ‘एसी आहे ना’ असं उत्तर आलं.

माझं माहेर दारव्ह्याकडचं. आम्ही लहानपणी माहूरला जायचो, रेणुकेला, वर्षातून एकदा ठरलेलंच. तेव्हा घरची गाडी कोणाजवळ होती, काळीपिवळी जीपनं जायचं. आर्णीच्या स्टँडवर पोऱ्या ओरडत असायचा, माहूर माहूर माहूर, एकच जागा, एकच जागा, आणि त्या एका जागेत आम्ही पाच जण चढायचो. बाबा पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला. ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर, एक ढुंगण गाडीत एक हवेत. मधे मामा आणि कोणकोण, आणि आई मागे. दरवेळी मागे. तिच्या मांडीवर लहान भाऊ, भावाच्या मांडीवर नारळाची पिशवी, नि मी तिच्या पायापाशी उकिडवी. तिच्या मुठीत अर्धं लिंबू असायचं आणि नाकाला पदर. घाट लागायच्या आधीच ती डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं देवीचं नाव घेऊन राहिली.

घाटात एखाद्या वळणावर मग ती हात वर करायची. बोलायची नाही, बोललं की व्हायचं. मागून पुढं निरोप जायचा, थांबा थांबा, बाईले उलटी येऊन रायली, आणि पुढं बाबा ड्रायव्हरला कापसाचं सांगत असायचे, ते मान न वळवता म्हणायचे, ‘झालंच बाप्पा आता, आलंच माहूर.’ एकदा गाडी थांबेपर्यंत झालंच. नारळाच्या पिशवीत. नारळ काढून, धुऊन, तेच देवीला चढवले, हे बाबांना शेवटपर्यंत माहीत झालं नाही आणि आता सांगून उपयोग नाही.

तीच आई दारव्ह्याहून यवतमाळला शकुंतलेनं जायची तेव्हा तिला कधीच काही झालं नाही. शकुंतला म्हणजे ती नॅरोगेजची, मूर्तिजापूर ते यवतमाळ, आता बंद आहे. इतकी सावकाश चालायची की पोट्टे उतरून लघवी करून पुन्हा चढतात असं लोक म्हणत, मी काही पाहिलं नाही. आई खिडकीपाशी बसायची आणि सगळी पऱ्हाटी, सगळ्या विहिरी, कोणाच्या वावरात किती बोंडं धरली हे मोठ्यानं सांगत जायची. इतकी बोलणारी बाई काळीपिवळीत मुकी व्हायची. मी तिला विचारलं होतं, तू पुढं का नाही बसत. ‘मले मागंच बरं वाटते,’ म्हणाली. आता मीही घरी तेच म्हणते, दिवाळीला नणंदेकडे भाड्याच्या गाडीनं जातो तेव्हा, आणि सगळ्यांना ते खरंच वाटते.

तर परवाची दहावी. चांदीच्या रंगाची, शीटकव्हर नवे, डॅशबोर्ड पॉलिश मारून असा चकचकीत केला होता की ऊन डोळ्यात जाई. यार्डवाला सांगत होता, घरगुती वापर, सिंगल हॅन्ड, कुठं लागलेली नाही, डॉक्टरसाहेबांची (हे आलंच). मिस्त्रीनं शीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला, पुरात बुडालेली असली तर बेल्टाच्या मुळाशी गाळ राहते म्हणे, मग तो पुढं गेला आणि मी मागे शिरले.

आत नव्या रेक्झिनचा वास, जीव घुसमटला. काचेला हात लावून पाहिला, पक्की. आणि तिथंच, काचेच्या खालच्या कोपऱ्यात, रबराला लागून, तीन टिकल्या चिकटवलेल्या होत्या. दोन मरून, एक लहान काळी. मीटर फिरवला असेल, कव्हर बदलले, रंगाचा टचअप मारला, पण इथपर्यंत कोणाचा हात आला नव्हता. मी बसून पाहत राहिले. टिकली बाई केव्हा काढते, तोंड धुताना, झोपताना, नाहीतर घाम येऊन ती सरकायला लागली की. गाडीत चालता चालता तीनदा काढून लावली म्हणजे मागे वारा लागत नसणार. का तिघी असतील, कोण जाणे. डॉक्टरीणबाई मागे बसत होत्या का त्यांची सासू, तेही टिकलीवरून सांगता येत नाही.

बाहेर इंजिन घरघरत होतं. मला आता निघायचं होतं, पण मधली शीट कोणीतरी मागे लोटून ठेवली होती आणि ती पुढं करायचा दट्ट्या आतून सापडेना. काचेवर टकटक केलं. चौघंही बोनेटमध्ये वाकलेले, फक्त चार पाठी दिसत होत्या, आणि मिस्त्रीचा एक हात झाकणावर. पुन्हा टकटक केलं.

निंबाखालून सासूबाईंनी पाहिलं. उठल्या, गुडघ्यावर हात देत देत आल्या, दार उघडलं. ‘काय करून रायली वं आत?’

‘काही नाही आई, निघता येऊन नाही राहिलं.’

त्यांनी कुठं काय ओढलं कोण जाणे, शीट धाडकन पुढं गेली. मी उठायला लागले तर म्हणाल्या, ‘सरक थोडीशी,’ आणि लुगडं सावरत, एक पाय मग दुसरा पाय करत त्याच आत आल्या, माझ्या बाजूला टेकल्या. बसल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत, नुसता दम खात होत्या. मग हात लांबवून माझ्या बाजूची काच चाचपली, वर, खाली, टिकल्यांवरून.

‘हे कोठून उघडते वं?’