तुम्ही विचारलंत म्हणून: चिंगीचा पाय

आमच्या कुत्रीला, चिंगीला घेऊन खाली उतरलं की हमखास कुणीतरी विचारतं, "आता धावते का हो?" ज्यांच्या घरी कुत्रं आहे, ते पुढे विचारतात, "ऑपरेशननंतर तुम्ही नेमकं काय केलंत?"

धावते. पण मधला बराच काळ आम्ही तिला धावू दिलं नाही, म्हणून धावते.

रिक्षाची धडक बसून तिच्या मागच्या पायाचं, मांडीचं हाड मोडलं होतं. प्लास्टर का नाही घातलं, हेही विचारतात. हाड हलू नये म्हणून त्याच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे धरून ठेवावे लागतात, आणि कुत्र्याचा खुबा प्लास्टरमध्ये धरता येत नाही. उलट प्लास्टरचं ओझं मोडलेल्या जागेलाच ओढतं. शिवाय पाय असा ताठ बांधून ठेवला तर मांडीचा पुढचा स्नायू आखडतो, गुडघा वळेनासा होतो. वाढत्या वयात तर जास्तच. म्हणून ऑपरेशन करून हाडावर धातूची प्लेट आणि स्क्रू.

सर्जनचं काम तिथे झालं. पुढचं सगळं घरात. मोठ्या कुत्र्याचं हाड भरायला साधारण 8 ते 12 आठवडे लागतात, पिल्लांचं लवकर भरतं. तोवर भार प्लेट पेलते, पण उड्या मारल्या तर स्क्रू सैल होऊ शकतात, प्लेट वाकू शकते.

पहिले दिवस कठीण असतात असं सगळे सांगतात. मला कठीण गेले ते नंतरचे. सुरुवातीला दुखत असतं, कुत्रं स्वतःच पडून राहतं. दोनेक आठवड्यांनी टाके निघतात, दुखणं ओसरतं, पाय टेकायला लागतो, आणि बेल वाजली की दाराकडे झेप घ्यावीशी वाटते. आतलं हाड अजून कच्चंच असतं. चिंगी घरातच तिच्यासाठी केलेल्या छोट्या कुंपणाच्या जाळीला नाक लावून कुईकुई करायची आणि आमच्या आजी म्हणायच्या, "अगं, सोड की तिला, जीव आहे तो." त्यांची माया मला कळत होती, माझाही जीव तुटत होता. तरी सोडलं नाही. पुढचा एक्स-रे बघून डॉक्टर सांगेपर्यंत सोडायचं नाही, हे घरात ठरलं होतं. शी-शूला नेतानासुद्धा पट्टा आखूड आणि पोटाखालून टॉवेलची झोळी, म्हणजे मागचा भार आपल्या हातात राहतो.

घरातल्या गुळगुळीत टाइल्सची भीती बाळगा. बरा होत आलेला पाय घसरला की सगळं मुसळ केरात. सतरंजी टाकू नका, तीच सरकते. खाली रबर असलेल्या चटया टाका. सोफ्यासमोर आडोसा करा.

दुखतंय म्हणून घरातली आपली गोळी कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी निकामी होऊ शकते. डॉक्टरांनी वजन बघून दिलेलं तेवढंच औषध, तेही जेवणानंतर. आणि जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घातलेला कोन (नरसाळ्यासारखी कॉलर) दया येऊन काढू नका. टाके चाटून जखम चिघळली की संसर्ग प्लेटपर्यंत जाऊ शकतो.

मांडी बारीक झालेली बघून घाबरू नका. पाय वापरला नाही की स्नायू झपाट्याने उतरतो, भरायला मात्र महिने लागतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पट्ट्यावर अगदी सावकाश चालवणं हा त्यावरचा मोठा उपाय. भरभर चाललं की कुत्रं तीन पायांवर निभावून नेतं. हळू चाललं की चौथा टेकावाच लागतो. त्या काळात खाणं थोडं कमी ठेवा, वाढलेलं वजन त्याच पायावर येतं.

प्लेट काढायची का, हेही विचारतात. त्रास नसेल तर बहुतेक वेळा ती आतच राहते. चिंगीची तशीच आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. टेकायला लागलेला पाय कुत्र्याने अचानक परत उचलून धरला, तर उद्यापर्यंत थांबू नका, त्याच दिवशी सर्जनला दाखवा.