अंगठा मागे घेता येतो का?

मोफत कायदेविषयक साहाय्याच्या कामात माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे तक्रार कशी करावी, हे विचारायला येतात. 2025 च्या पावसाळ्यातील त्या दिवशी मात्र पुण्याच्या दक्षिण भागातील एका ओढ्याकाठच्या वस्तीतून आलेल्या बायकांना आधीच केलेली तक्रार मागे घ्यायची होती.

तक्रार अगदी साधी होती. समोरच्या काठावरील एका गृहप्रकल्पाची सीमाभिंत पात्रात पुढे आली होती, तिच्या पायथ्याशी राडारोडा टाकून जागा सपाट करण्यात आली होती आणि अरुंद झालेल्या पात्रातले पाणी जोराच्या पावसात वस्तीत घुसत होते. चेंबर तुंबून मैलापाणी घरांत शिरते, लेकरांना जुलाब होतात, तरी ओढ्याची मोजणी करून भिंत हटवावी, असे त्यांनी लिहून दिले होते. काही आठवड्यांनी वस्तीच्याच दारांवर नोटिसा चिकटवण्यात आल्या. आपली बांधकामे निळ्या पूररेषेच्या आत असून प्रवाहास अडथळा करतात, सबब ती स्वतःहून काढून घ्यावीत, असा त्यांतील मजकूर होता आणि संदर्भ म्हणून त्यांच्याच अर्जाचा आवक क्रमांक दिलेला होता.

साठीच्या एका मावशींनी अर्जाची प्रत टेबलावर पसरली आणि सह्यांच्या रांगेतील निळसर ठशावर बोट ठेवले. "मॅडम, हा माझा अंगठा. एवढा काढून टाकता येईल का? पाणी आम्ही सोसू. घर गेलं तर कुठं जायचं?"

या मावशी आयुष्यभर कचरा वेचत आल्या आहेत. 1972 च्या दुष्काळात त्या आई-वडिलांबरोबर मराठवाड्यातून पुण्यात आल्या. त्या दुष्काळाने शहरात आणलेल्या भूमिहीन दलित कुटुंबांना वाड्यांत आणि चाळींत खोली मिळणे दुरापास्त होते, कारण हाती पैसा नव्हता आणि जात विचारली जात असे. उरली ती शहराला नको असलेली जागा, म्हणजे ओढ्याचा काठ, टेकडीचा उतार, रेल्वेची कड. पुराची जोखीम कोणाच्या वाट्याला येणार, हे अशा रीतीने पन्नास वर्षांपूर्वीच ठरून गेले होते आणि आज त्याच जागेवरून त्या कुटुंबांना अतिक्रमणकर्ते म्हटले जाते.

मी वास्तव्याचे पुरावे मागितले. झोपडीधारकाला संरक्षण मिळण्यासाठी 1 जानेवारी 2000 पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. मावशींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुने रेशनकार्ड काढले. त्याची पाने भिजून एकमेकांना चिकटली होती आणि नावाच्या पानावर शाई पसरून फक्त घरक्रमांक वाचता येत होता. ज्या पाण्याविरुद्ध तक्रार होती, त्याच पाण्याने तक्रारदाराचा पुरावा नेला होता.

दुपारी आम्ही संबंधित कार्यालयात गेलो. तेथील अधिकारी सभ्यपणे बोलले. "आम्ही हे तुमच्या जिवासाठीच करतोय. 2019 विसरलात का?" 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत हाहाकार माजवला आणि त्या पावसात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली, हे ओढ्याकाठी राहणारे कोणीही विसरलेले नाही. धोका खराच होता, आणि म्हणूनच मी पूररेषेचा नकाशा पुढे ठेवला. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, आणि ती दोन्ही काठांवरून जाते. समोरची भिंतही त्या रेषेच्या आत होती. तिला नोटीस का नाही, असे विचारल्यावर त्या प्रकल्पाला परवानगी आहे आणि मोजणीचे काम प्रक्रियेत आहे, असे उत्तर मिळाले. एकाच ओढ्याच्या एका काठावर पूर हे बांधकाम पाडण्याचे कारण ठरतो आणि दुसऱ्या काठावर त्याची दखलही घेतली जात नाही, तेव्हा संविधानाच्या कलम 14 मधील समानता त्या पात्रातच बुडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये म्हटले आहे. त्याआधी 1985 मध्ये मुंबईतील पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेलाही तेच स्थान मिळाले होते. नोव्हेंबर 2024 च्या निकालाने बांधकाम पाडण्यापूर्वी 15 दिवसांची नोटीस बंधनकारक केली, परंतु रस्ता, पदपथ, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक जागांवरील अनधिकृत बांधकामे त्यातून वगळली. नियम म्हणून हे समजण्यासारखे आहे. मात्र ज्यांना शहराने काठाशिवाय दुसरी जागाच ठेवली नाही, त्यांच्यापर्यंत हे संरक्षण पोहोचता पोहोचता थांबते.

"पूर्वी निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन बसायचो," मावशी जिना उतरताना म्हणाल्या. मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली होती आणि तेव्हापासून कारभार प्रशासकाकडे होता. ज्यांच्याकडे वकील, ओळख आणि इंग्रजीतला ईमेल आहे त्यांचे काम प्रशासकाच्या काळातही अडत नाही; मत हेच ज्यांचे एकमेव वजन आहे, त्यांचे सारे वजनच या काळात गेले होते. त्यातून तक्रारीचे उत्तर नोटिशीने मिळू लागले, तर लोक तोंड उघडणार नाहीत, आणि मग दप्तरी त्या ओढ्याकाठी काही अडचण असल्याची नोंदही राहणार नाही.

मावशींना मी खरे ते सांगितले. अंगठा मागे घेण्याचा अर्ज देता येतो, पण त्यामुळे नोटीस रद्द होत नाही. तरीही काही बायकांनी माघारीचे अर्ज द्यायचे ठरवले आणि त्यांचे अर्ज मीच लिहून दिले, कारण भीती बाळगण्याचाही त्यांना हक्क होता. मावशींनी मात्र बराच वेळ विचार करून आपला अंगठा राहू दिला. नोटिशीच्या उत्तरात आम्ही दोन्ही काठांची एकत्रित मोजणी, भिजलेल्या कागदांऐवजी जुन्या मतदार याद्या आणि वीजबिले ग्राह्य धरून सर्वेक्षण, तसेच लेकरांची शाळा आणि कामाची जागा तुटणार नाही इतक्या अंतरावर लेखी पुनर्वसन, अशा मागण्या केल्या. उत्तर दाखल झाल्यावर कारवाई पुढे ढकलण्यात आली. मोजणीची तारीख अद्याप मिळालेली नाही, म्हणून मोजणीच्या कागदपत्रांसाठी माहिती अधिकारात स्वतंत्र अर्ज दिला आहे आणि त्यावर अर्जदार म्हणून मावशींचाच अंगठा आहे.